फुकटचा चहा

सावरपाड्याच्या बाजारात माझ्या चहाच्या गाडीपाशी आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक गाढव. कुंभाराचं होतं. कार्तिकातली बोचरी थंडी, त्यात किटलीची वाफ त्याला बरी वाटली असावी. ते मान पुढे करून उभं राहिलं ते हलेचना. मागं फोनोवर तबकडी घरघरत होती, स्टोव्ह फुरफुरत होता, चिनी मातीच्या कपबशा ओळीनं चकचकत होत्या, आणि सगळा बाजार लांब उभा राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा गाढवाकडे बघत होता.

"पाज की त्याला!" समोरून बाईमाणसाचा आवाज आला. "कंपनीचा माल आहे, तुझं काय जातंय? एक गिऱ्हाईक झालं म्हणून सांग सायबाला."

बाजार खदखदून हसला. मीही हसलो. हसण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ही गोष्ट छत्तीस-सदतीस सालची. नातवंडांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं, म्हातारा थापा मारतोय. "आजोबा, लोकांना चहा पाजायला माणसं नोकरीला ठेवली होती? तेही फुकट पाजायला?" ठेवली होती. त्यातला एक मी. बाबांनो, चहाचे मळे आपल्याकडचेच, पण माल सगळा बोटीनं विलायतेला जायचा. आमच्या बागलाणातल्या खेड्यांनी चहा जिभेला लावलेला नव्हता. मग जगभर मंदी आली, विलायतेत माल तुंबला, आणि मळेवाल्यांच्या ध्यानात आलं की इथंही माणसं राहतात आणि त्यांनाही तोंडं आहेत. त्या तोंडांना चटक लावायची म्हणून गावोगाव गाड्या निघाल्या.

माझी होती बैलगाडी. हिरवा रंग दिलेली, वर शेमला बांधलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र. सोबत स्टोव्ह, किटली, कपबशा, फोनो, आणि कंपनीनं दिलेलं एक घड्याळ. घड्याळ कशाला, तर चहा करायची रीत ठरलेली होती. पाणी उकळायचं. खाली उतरवायचं. मग पत्ती टाकून झाकण ठेवायचं आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं. पत्ती उकळायची नाही. दूध पाण्याला रंग येण्यापुरतं, साखर चिमटीनं. आणि लोकांसमोर म्हणायचं भाषण मला नाशिकला घोकून घेतलेलं होतं: "चहा हे आरोग्यवर्धक, स्फूर्तिदायक आणि सुगंधी पेय आहे. ते थकवा घालवते, परंतु मस्तक ताब्यात ठेवते."

लोकांना माझं मस्तक ताब्यात आहे की नाही याचीच शंका होती.

"पोरं काळी निपजतात म्हणे यानं," एक म्हातारा म्हणायचा.

"रक्त आटतं," दुसरा.

"झोप उडते. माझा मेव्हणा मुंबईला गेला, चहा प्यायला लागला, आता घुबडासारखा बसून असतो."

"आणि फुकट का देतोय हा? काही तरी असल्याशिवाय कोण फुकट देतंय?"

शिवाय कपाचा प्रश्न होताच. या कपाला आधी कुणी तोंड लावलं, कुणाच्या जातीचं, हे बाजारात कुणाला ठाऊक? मी कितीही विसळून दाखवला, तरी बघणारे नाक मुरडून पुढे जायचे. समोर पाल टाकून बसणाऱ्या मथुराबाईकडे ती अडचण नव्हती. ती ताक विकायची. ज्यानं त्यानं आपला पेला आणायचा, ती उंचावरून धार धरायची.

मघाशी गाढवाची शिफारस करणारी ती हीच मथुराबाई. अंगानं आडवी, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. दारात चार म्हशी, हाताशी मुलगी कावेरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाजारात तिचा शब्द चालायचा. तिच्या ताकात पाणी जास्त आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मला वाटलं होतं, ही आपली वैरीण. पण दुपारी किटली तशीच भरलेली ठेवून मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, कारण मला तहान लागली होती.

"मावशी, ताक द्या."

मथुराबाईनं कावेरीकडे पाहिलं. कावेरीनं ओठ दाबले.

"तिकडं किटलीभर आरोग्य ठेवून इकडं आलास होय रे?" मथुराबाई म्हणाली.

"ते गिऱ्हाइकांसाठी आहे."

"आणि ताक कुणासाठी?"

"थकलेल्या माणसांसाठी," मी म्हणालो. तिला ते आवडलं. तिनं धार जरा जास्त वेळ धरली.

त्यानंतर दर बाजाराला हे असंच. सकाळी मी भाषण करायचो, गाव हसायचं, दुपारी मी ताक प्यायचो. मधल्या दिवसांत आसपासच्या पाड्यांवर गाडी न्यायची, तिथंही तेच. कावेरीला माझं भाषण पाठ झालं. मी ताकाला आलो की ती हात जोडून गंभीरपणे म्हणायची, "ताक हे आरोग्यवर्धक, स्फूर्तिदायक आणि आंबट पेय आहे."

एकदा तिनं आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही का पीत नाही?"

"काय?"

"चहा. इतक्या वेळा ओतताना बघितलं तुम्हाला. कप ओठाला लावताना कधी बघितलं नाही."

"कामावर असताना पिऊ नये असा नियम आहे," मी ठोकून दिलं.

"चहाच्या कंपनीचा नियम, की चहा पिऊ नये?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेलं ताक एका घोटात संपवून गाडीकडे पळालो.

मग नाशिकहून निरोप आला. पुढच्या बाजाराला इन्स्पेक्टर दाबकेसाहेब स्वतः येणार. सावरपाड्यात चहा चालतोय की नाही हे डोळ्यांनी बघणार, आणि चालत नसला तर गाडी परत बोलावणार. गाडीबरोबर मीही. मॅट्रिक नापास माणसाला अशी नोकरी पुन्हा मिळणार नव्हती.

मी ते मथुराबाईला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

"मग काय, जाशील घरी मालेगावला," ती म्हणाली. "आईच्या हातचं खाशील."

"हो."

"आमच्या या पोरीला मात्र भाषण ऐकायला मिळायचं नाही."

कावेरी रवी धुत होती. तिनं मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "पत्ती द्या मूठभर. जाताय तर बघू तरी, असतं काय त्यात."

मी रुमालात बांधून दिली. मथुराबाईनं ती हुंगली, नाक वाकडं केलं आणि कनवटीला लावली. मी तो विषय विसरून गेलो. माझं लक्ष दाबकेसाहेबांकडे होतं.

दाबकेसाहेब टांग्यातून उतरले ते कोट, टोपी, काठी असे. पुण्याचे होते. बारीक, थकलेले, आणि सतत घसा खाकरणारे. मला वाटलं होतं ओरडतील, पण ते गाडीशेजारच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "देवरे, जिल्ह्यात एकही गाव धड प्यायला तयार नाही. वर काय सांगायचं मी? कलकत्त्याहून तारा येतात. तुम्ही सुरू करा."

मी सुरू केलं. फोनो लावला. भाषण केलं. घड्याळ बघून चहा केला, कप भरले. थंडी इतकी होती की माझ्या तोंडातून किटलीएवढीच वाफ निघत होती. समोर कुणी नव्हतं. आज गाढवही नव्हतं.

"लोक कुठं आहेत?" दाबकेसाहेबांनी विचारलं.

मी बघितलं. लोक होते. सगळे मथुराबाईच्या पालापुढं होते. भर थंडीत ताकासाठी अशी झुंबड? मग वारा फिरला आणि वास आला. आलं, गूळ, उकळतं दूध, आणि त्या सगळ्याच्या खाली आणखी एक वास. तो मला चांगला माहीत होता.

दाबकेसाहेबांनाही माहीत होता. ते उठले.

पालात तीन दगडांच्या चुलीवर पितळी पातेलं रटरटत होतं. दूध, पाणी, पत्ती, ठेचलेलं आलं, वर गवती चहाच्या पात्यांची जुडी, सगळं एकत्र, खदखदा उकळत. मथुराबाई डावानं ते वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडत होती. कावेरी फडक्यातून गाळून ज्याच्या त्याच्या पेल्यात ओतत होती. थंडीत ताक खपत नाही, दूध उरतं, म्हणून घरी करून बघितलं, बरं लागलं, इतकंच काय ते कारण. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त दाबकेसाहेबांचा चेहरा दिसत होता.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"चहा," मथुराबाई म्हणाली. "याच्याच कंपनीचा."

"हा चहा नव्हे!" त्यांचा आवाज चढला. "पत्ती उकळताय तुम्ही! दुधात! आणि हा पाला कसला? आलं? बाई, हे चहाचं वाटोळं आहे. टाकून द्या हे."

"का बरं?"

दाबकेसाहेबांनी घसा खाकरला. माणूस प्रामाणिक होता. खरं ते बोलून गेला. "दूध आणि आलं घातलं की पत्ती कमी लागते. कंपनी पत्ती विकते. आलं विकत नाही."

पण गावानं एवढं लांबचं ऐकलंच नाही. गावानं ऐकलं ते 'हा चहा नव्हे' आणि 'टाकून द्या'. ओठांशी गेलेले पेले थांबले. ज्या म्हाताऱ्याला पोरं काळी निपजायची भीती होती, त्यानं तोंडातला घोट थुंकला.

"सायब म्हणतो चहा नव्हे. मग काय पाजलंस बाई तू आम्हाला?"

"माझा नातू दोन पेले प्यायला!" एक बाई ओरडली. "अगं, काही होणार तर नाही ना त्याला?"

"काय टाकलंस त्यात मथुरे?"

मथुराबाईचा हात डावावरच राहिला. ज्या बाजारात तिच्या ताकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तिथं दहा माणसं एकदम तिच्या पातेल्यात वाकून बघत होती. कावेरीचा चेहरा पांढराफटक पडला.

मग मथुराबाईनं मला पाहिलं.

"पत्ती याची आहे," ती म्हणाली. "हा पिऊन दाखवील. पी रे पोरा."

कावेरीनं पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

आता सांगतो मी चहा का पीत नव्हतो. मी नाशिकला शिकायला निघालो तेव्हा आईनं मला देवापुढं उभं करून म्हटलं होतं, "चहाला तोंड लावलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे." माझा एक चुलता मालेगावात इराण्याच्या हाटेलात बसून बसून वाया गेला, असं तिचं ठाम मत होतं. वडील नव्हते. मला आई एकच होती, आणि तिचा गळा मी या पेयावर टांगून ठेवला होता. नोकरी धरली तेव्हा मी मनाची समजूत घातली की शपथ पिण्याची आहे, पाजण्याची नाही. तुम्हाला हसू येईल. बावीस वर्षांच्या, कंपनीचा कोट घातलेल्या माणसाला त्या घटकेला खरोखर वाटत होतं की इथं मी घोट घेतला की तिकडं मालेगावात आई कोसळणार.

"पी ना," कुणीतरी म्हणालं. "का रे, घाबरतोस? तूच दिलीस ना पत्ती?"

"देवरे, खबरदार," दाबकेसाहेब हळू आवाजात म्हणाले. "कंपनीचा माणूस असलं काही पीत नाही."

कावेरीनं पेला तसाच पुढे धरून ठेवला होता. तिनं मला 'प्या' म्हटलं नाही. मी मनात आईची क्षमा मागितली आणि पेला तोंडाला लावला.

जीभ पोळली. मग गूळ लागला, मग आलं घशात उतरलं, आणि सगळ्यात शेवटी तो कडसर तुरटपणा, ज्याचं मी महिनोन्महिने भाषण देत होतो. छातीत ऊब पसरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आल्यामुळं की आईमुळं, मला सांगता येणार नाही.

"कसाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मला आरोग्यवर्धक आठवलं नाही, स्फूर्तिदायक आठवलं नाही. "गोड आहे," मी म्हणालो, आणि पेला पुढे केला. "आणखी द्या."

आधी एक जण हसला, मग सगळे. पेले पुन्हा वर गेले. थुंकलेल्या म्हाताऱ्यानं आपला पेला सगळ्यात पुढे सरकवला.

दाबकेसाहेब माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होते. "देवरे," ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा चहा पिताय."

"हो साहेब."

"आणि गेले तीन महिने तुम्ही..."

"भाषण पाठ होतं, साहेब."

ते पुढे काही बोलणार, इतक्यात मथुराबाई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर आली. "सायब, रागावा सावकाश. आधी एवढं सांगा, ही पत्ती विकत कुठं मिळते? पुढच्या बाजाराला मला शेरभर लागेल."

अख्ख्या जिल्ह्यात चहा विकत मागणारं पहिलं माणूस दाबकेसाहेबांसमोर उभं होतं, आणि तिच्या मागं पातेल्यात कंपनीचे सगळे नियम रटरटत होते. त्यांनी काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली. मग ते शांतपणे वळले आणि पालाकडे पाठ करून उभे राहिले.

"देवरे," ते समोरच्या निंबाकडे बघत म्हणाले, "मी इथून काही बघू शकत नाही. माझ्या मागं माणसं किती आहेत?"

"बरीच आहेत, साहेब."

"काय पितायत?"

मी पातेल्याकडे बघितलं. "चहा."

"चहा. बरीच माणसं," ते म्हणाले. "तसंच कळवतो वर. आणि बाईंना सांगा, सटाण्याच्या दुकानात पाठवायची व्यवस्था करतो." त्यांनी घसा खाकरला. "गाव तयार झालं. आता तुमची गाडी इथं ठेवण्यात अर्थ नाही. सोमवारी ती ताहाराबादेकडे न्या."

म्हणजे मी जिंकलो म्हणून मला तिथून हलवलं. मी कावेरीकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ती गाळत होती ते फडकं तिनं गरजेपेक्षा जास्त पिळलं.

पण खरं सांगतो, तेव्हा मला तिचाही विचार करायला सवड नव्हती. मी गाडी निंबाखाली सोडली, बैल मथुराबाईच्या हवाली केले आणि मिळेल ती सर्व्हिस मोटार पकडून मालेगावला निघालो. वाटेत प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं, आत्ता ओळखीचा माणूस चढेल आणि तोंड पाडून म्हणेल, "अरे सुकदेव, तुलाच शोधत होतो."

घराचं दार ओढून घेतलेलं होतं. दार वाजवलं. आत शांत. शेजारच्या लीलाकाकू बाहेर आल्या.

"आई कुठंय?" मी विचारलं.

"गेली ना ती," लीलाकाकू म्हणाल्या.

मी ओट्यावर मटकन बसलो.

"दुपारीच गेली," त्या शांतपणे पुढे म्हणाल्या. "गिरणीवर गर्दी असते ना. बाजरी दळून येईलच इतक्यात. तुला बरं वाटत नाही का रे?"

गल्लीच्या टोकाशी आईचा आवाज ऐकू आला. ती कुणाशी तरी भांडत येत होती, गिरणीवाल्यानं पीठ जाड काढलं म्हणून. डोक्यावर पिठाची पाटी, नाकावर पिठाचा ठिपका, आवाज नेहमीसारखा खणखणीत. इतका गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी जाऊन तिचे पाय धरले.

"अरे, अरे, पाटी पडेल! झालं काय? नोकरी गेली?"

"मी चहा प्यालो, आई."

"बरं," आई म्हणाली. "मग?"

"शपथ मोडली तुझी."

"कसली शपथ?"

मी सगळं सांगितलं, देवापुढचं, गळ्याचं. तिनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं. तिला खरोखर काही आठवत नव्हतं.

"असेल घातली," ती शेवटी म्हणाली. "भोवऱ्याची घातली होती. विहिरीत पोहायची घातली होती. त्या तमाशाला जायची तर दोनदा घातली होती. त्या सगळ्या मोडल्यास. मेले का मी?"

"नाही."

"मग हीच एक बरी पाळलीस?"

मी विचार केला. आईशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "वासावरून कडू वाटायचा," मी म्हणालो.

ती इतकी हसली की पाटीतलं पीठ सांडलं. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि आज कसा काय गोड लागला?"

"गूळ होता. आलंही होतं."

"कंपनीवाले गूळ घालतात?"

"नाही, तिथल्या मथुराबाईंनी केला होता. ताक विकतात त्या. म्हणजे केला त्यांनी, दिला त्यांच्या मुलीनं."

आईनं पाटी ओट्यावर ठेवली. पदर सारखा केला. तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"आणि मुलीनं दिला म्हणून तू माझा गळा पणाला लावलास."

"तसं नाही, तिथं गर्दी—"

"केवढी आहे?"

"गर्दी?"

"मुलगी."

"सतरा-अठरा असेल."

"हं. आडनाव काय त्यांचं?"

"पगार."

"पगार मला माहीत आहे तुझा. मी आडनाव विचारतेय."

"आडनावच पगार आहे, आई."

"म्हणजे आपल्यातलेच," आई म्हणाली आणि पीठ तसंच टाकून आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा हातात लग्नाकार्याला नेसायचं ठेवणीतलं लुगडं होतं.

"सावरपाड्याची मोटार किती वाजता?"

"आजची सुटली. आता उद्या सकाळी."

आईनं उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग बैलगाडी बघ," ती म्हणाली.